भयाचा पत्ता

मुलाला नोकरीसाठीं परगांवीं पाठवावयाचें ठरलें, किंवा मुलीला शिक्षणासाठीं दुसऱ्या शहरीं ठेवण्याची वेळ आली, म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून पहिल्यानें एकच प्रश्न निघतो : ‘तें शहर कसें आहे हो?’ विचारणाराला हवापाण्याची फारशी चौकशी करावयाची नसते. महागाई तर काय, सर्वत्रच आहे. रात्रीं दहाच्या गाडीनें उतरलेली मुलगी स्टेशनावरून आपल्या खोलीपर्यंत सुखरूप पोंचेल कीं नाहीं, एवढेंच त्याला कळून घ्यावयाचें असतें. आणि नवलाची गोष्ट ही कीं, उत्तर देणाराजवळ उत्तर तयार असतें. मुंबई बरी, दिल्ली नको. पुणें काय, आपलेंच आहे. कलकत्ता लांब पडतें. आणि नगर म्हणाल, तर नगरला कसली आली आहे भीति! या उत्तरांवर लग्नें ठरतात, नोकऱ्या नाकारल्या जातात, एखाद्या हुशार मुलीचें शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणीं मिळेल तेवढ्यावर भागविलें जातें. एवढे मोठे निर्णय ज्याच्यावर उभे राहतात, तें मत आलें कोठून, याचा तपास मात्र सहसा कोणी करीत नाहीं.

भीति आपोआप वाटते, ती वाटण्यांत आमचा दोष काय, असें कोणी म्हणेल. शिंक यावी तशी भीति येते हें खरें असतें, तर या विषयावर लिहिण्याजोगें कांहींच उरलें नसतें. परंतु शिंकेला पत्ता नसतो, भीतीला असतो. अमुक शहराची, अमुक वस्तीची, अमुक पोषाखाच्या माणसाची, असेंच तिचें रूप असतें. हा पत्ता तिच्यावर कोण लिहितो, आणि तो चुकला तर त्याची जबाबदारी कोणाची, हा आमच्या मतें केवळ पोलिसी प्रश्न नसून नीतीचा प्रश्न आहे.

प्रथम आंकड्यांकडे वळूं. कारण ऐकीव गोष्टींवर आमचा विश्वास नाहीं, आंकडे दाखवा, असें म्हणण्याची आज रीत आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभाग दर वर्षाचे गुन्हे शहरवार मोजून प्रसिद्ध करतो. २०२२ सालच्या अहवालांत २० लाखांवर वस्तीच्या १९ शहरांची तुलना आहे. तींत दर लाख वस्तीमागें दखलपात्र गुन्हे कलकत्त्यास ८६.५, तर त्याच्या खालोखाल पुण्यास २८०.७ असे पडले. वर्तमानपत्रांनीं कलकत्त्याला देशांतील सर्वांत सुरक्षित शहर म्हणून गौरविलें. त्या गौरवाला वर्ष झालें नाहीं तोंच, ऑगस्ट २०२४ मध्यें, त्याच शहरांतील एका सरकारी रुग्णालयांत रात्रपाळीवर असलेल्या तरुण स्त्री-डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. ती कोणत्याही अंधाऱ्या गल्लींतून जात नव्हती; आपल्या कामाच्या जागींच एका खोलींत घटकाभर विसांवली होती. आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें ज्याला दोषी ठरविलें, तो पोलिसांच्याच दिमतीस असलेला नागरी स्वयंसेवक होता.

म्हणून ८६.५ हा आंकडा खोटा ठरतो काय? तसें नाहीं. एका घटनेनें सरासरी मोडत नाहीं. परंतु हा आंकडा कशाचा आहे हें नीट पाहिलें पाहिजे. तो गुन्ह्यांचा नाहीं. लिहून घेतलेल्या फिर्यादींचा आहे. गुन्हे वाढणें आणि गुन्ह्यांची नोंद वाढणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असा इशारा खुद्द तो विभागच देतो. पण मथळे लिहिणारांस तेवढें वाचण्याचा धीर नसतो. ज्या ठाण्यावरचा अंमलदार आलेल्या बाईला खुर्ची देऊन तिची हकीकत कागदावर उतरवून घेतो, त्या ठाण्याचें शहर आंकड्यांत वाईट दिसतें. जेथें ‘बाई, घरचें प्रकरण आहे, मिटवून घ्या’ म्हणून तिला परत लावतात, तें शहर सुरक्षित ठरतें. केरळाचे आंकडे इतरांपेक्षां चढे दिसतात, याचें एक कारण हेंच सांगितलें जातें.

त्याच अहवालांत आणखी एक गोष्ट दरसाल छापून येते, आणि दरसाल दुर्लक्षिली जाते. नोंदलेल्या बलात्कारांपैकीं शेंकडा ९० हून अधिक प्रकरणांत आरोपी हा त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो : शेजारी, नातलग, मित्र, मालक. म्हणजे बाप चौकशी करतो ती स्टेशनापासून खोलीपर्यंतच्या रस्त्याची. आणि धोका असतो तो ओळखीच्या उंबरठ्याच्या आंत. आपण परक्याला भितों, कारण परक्याला भिण्याला आपलें कांहीं खर्ची पडत नाहीं. ओळखीच्याला भ्यावयाचें म्हटलें तर अर्धें घर, सारी भाऊबंदकी आणि शेजारची आळी संशयांत येते. तो खर्च कोणाला परवडणार?

ओळखीवरचा विश्वास किती दूरवर जाऊं शकतो, याचें एक सर्वश्रुत उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. परंतु नेवासें तालुक्यांतील शनि-शिंगणापूर आपल्या जुन्याच रीतीनें ओळखलें जातें. पुरांत वाहून आलेली काळी शिळा, गुराख्याला झालेला दृष्टांत, ‘मला छप्पर नको’ ही देवाची आज्ञा, ही कथा वाचकांना ठाऊक आहेच. देवालाच छप्पर नाहीं, तेथें भक्तांच्या घरांना दारें कशाला, अशी ही परंपरा. घरांना चौकटी आहेत, पण त्यांत कवाडें नाहींत. कुत्रीं शिरूं नयेत म्हणून रात्रीं एखादी फळी आडवी लावतात, इतकेंच. २०११ सालीं युको बँकेनें येथें शाखा काढली, तेव्हां गांवाच्या भावनेस मान देऊन तिनेंही दर्शनी दाराला नेहमींचें कुलूप लावलें नाहीं. (रोकडीची व्यवस्था अर्थातच निराळी होती. शनिदेवावर बँकेची श्रद्धा असेल, हिशेबतपासनिसाची नसावी.)

या गांवाविषयीं दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. भाविक म्हणतात, येथें चोरी होतच नाहीं. बुद्धिवादी म्हणतात, होते, पण बोलली जात नाहीं. आणि २०१० व २०११ सालीं बाहेरून आलेल्या यात्रेकरूंनीं चोरीच्या तक्रारी केल्या, त्यांकडे बोट दाखवितात. आम्हांस या वादापेक्षां एक निराळीच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. बिनदारांचें गांव म्हणजे निर्भय गांव नव्हे. तेथेंही भीति आहे. फक्त ती घरधन्याच्या मनांत नसून चोराच्या मनांत ठेविली आहे. चोरी करणाराला शनीचा कोप भोंवेल, तो आंधळा होईल, त्याला साडेसाती लागेल, अशी ती श्रद्धा. आपण शहरांत कुलूप लावतों तेव्हां वाटेनें जाणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनला, भाजीवालीला, शेजारच्या पोराला, तें कुलूप मुकाट्यानें सांगत असतें कीं तुमचा भरंवसा नाहीं. शिंगणापुरानें हा भार सर्वांच्या डोक्यावरून उचलून ज्याच्या मनांत पाप येईल त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवला. देव आहे कीं नाहीं हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेविला, तरी भयाची ही वांटणी आमच्या वांटणीपेक्षां अधिक न्यायाची आहे, हें मान्य करावें लागतें.

परंतु ही वांटणी टिकण्याला एक अट आहे : सर्वांची श्रद्धा एक पाहिजे. जेथें दूरदूरचे लाखों लोक येऊं लागले, तेथें प्रत्येकाच्या मनांत शनि बसला आहे याची हमी कोणी द्यावी? २०१५ सालीं गांवांत पोलीस ठाणें झालें. आणि जुलै २०२५ मध्यें तर बनावट अ‍ॅप काढून पूजा-अभिषेकाच्या नांवानें भक्तांचे पैसे लाटल्याच्या आरोपाची चर्चा थेट विधानसभेंत झाली. खरें-खोटें चौकशींत ठरावयाचें. पण ज्याच्यावर संशय घ्यावयाचा तो येथें फळी सारून आलेला परका नव्हता. आरोपाचा रोख देवस्थानाच्या कारभाराशीं संबंध असणाऱ्या माणसांकडेही होता. घरांना दारें नसलेल्या गांवांत चोरी शिरलीच असेल, तर ती खिशांतल्या फोनांतून शिरली.

शिंगणापूरच्या शेजारींच सोनई आहे. १ जानेवारी २०१३ रोजीं या सोनईच्या शिवारांत मेहतर समाजाच्या तीन तरुणांना, शौचकूप साफ करण्याचें काम आहे म्हणून बोलावून नेऊन, ठार मारण्यांत आलें. त्यांपैकीं एकाचें वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम होतें, हा अपराध. २०१८ सालीं नाशिकच्या सत्र न्यायालयानें सहा जणांना दोषी ठरविलें. त्यांतील एकास पुढें उच्च न्यायालयानें सोडलें. सोनईनंतर सव्वा वर्षानें, एप्रिल २०१४ मध्यें, याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत खर्ड्याला १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा असाच जीव गेला. तेथें साक्षीदार उलटले आणि २०१७ सालीं सत्र न्यायालयांतून सारे आरोपी सुटले.

‘तें गांव कसें आहे हो?’ हा आपला नेहमींचा प्रश्न या मुलांच्या आईबापांनीं विचारला असता, तर त्यांना काय उत्तर मिळालें असतें? चोरांच्या बाबतींत या भागासारखा निर्धास्त मुलूख नाहीं, हें उत्तर त्यांच्या काय कामाचें? सोनईच्या त्या तिघांना कोणा परक्यानें मारलें नाहीं. ज्यांना त्यांचें नांव, त्यांची जात, त्यांचें काम हें सारें ठाऊक होतें, त्यांनींच त्यांना हांक मारून नेलें. खेड्यांत सर्व सर्वांना ओळखतात म्हणून खेडें सुरक्षित, असें आपण म्हणतों. येथें ओळख हेंच मरणाचें कारण झालें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं खेड्यांच्या गौरवावर कडक टीका केली, ती पुष्कळांना रुचली नाहीं. रुचली नाहीं ती बहुतेक अशा लोकांना, ज्यांना खेड्यांतील ओळखीपासून कधीं इजा पोंचली नव्हती. मुंबईच्या गर्दींत कोणी कोणाला ओळखत नाहीं याची आपण खंत करतों. पण आडनांवानें ज्याचा पाठलाग केला त्या माणसाला तें अनोळखीपण पांघरुणासारखें ऊब देतें. एकच शहर एकाला अरण्य वाटतें आणि दुसऱ्याला आसरा; दोघेही आपापल्या जागीं खरेंच बोलत असतात.

इतका वेळ आपण, भीति जेथें असावयास पाहिजे तेथें नसते, याचा विचार केला. जेथें ती नसावयास पाहिजे तेथें जाऊन बसली म्हणजे काय होतें, हें याहून भयंकर आहे. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. १९११ च्या कायद्यानें ती मुंबई इलाख्यासही लागू झाली. त्या जमातींतील मूल अजून रांगत नाहीं तोंच त्याच्या भावी चोऱ्या सरकारदफ्तरीं जमा! ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला. परंतु सरकारनें लिहिलेला पत्ता सरकारनें खोडला म्हणून लोकांच्या मनांतून जात नाहीं. आमच्या जिल्ह्यांत कोठें दरोडा पडला, म्हणजे बोट पहिल्यानें पारध्यांच्या पालाकडे वळतें. ‘हें काम त्यांचेंच’ हें वाक्य पंचनामा होण्यापूर्वींच, आणि चांगल्या शिकल्यासवरलेल्या तोंडांतून, निघतें.

१ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं बाजारचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना, मुलें पळविणारी टोळी समजून, जमावानें ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मारून टाकलें. त्या जमावांतील माणसें कांहीं धंद्याचे मारेकरी नव्हते. त्यांत मुलाबाळांचे बाप होते. टोळी आली आहे, हा फोनावरून गांवोगांव फिरणारा निरोप त्यांच्यापर्यंत आला होता, आणि त्यांच्या मनांत आधींच लिहून ठेवलेल्या पत्त्यावर तो अचूक जाऊन पोंचला : भटका, भिक्षेकरी, परका. दोन वर्षांनीं, १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें चोर आल्याच्या अफवेनें दोन साधु व त्यांचा मोटारचालक असेच मारले गेले. आणि तेथें तर पोलीस हजर होते.

या जमावांची भीति खोटी होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ती खरी होती, म्हणूनच इतकी आंधळी झाली. मनापासून भ्यालेला मनुष्य आपण न्यायच करीत आहों असें समजतो. लबाडाला निदान आपण लबाड आहों हें कळत असतें. तेव्हां ‘आम्हांला खरोखरच भीति वाटली’ हें उत्तर त्या पांच जणांच्या बायकांपुढें पुरें पडत नाहीं. कोणाला भ्यावें हें ज्यानें आधीं तपासून पाहिलें नाहीं, त्याच्याकडे या अंधळेपणाचा वांटा येतोच. आणि तो निरोप पुढें ढकलणाऱ्या, शहरांत आरामखुर्चींत बसलेल्या माणसाकडे कदाचित् अधिक येतो.

येथें वाचकांपैकीं एखादा बाप म्हणेल, ‘तुमचें तत्त्वज्ञान ठीक आहे, पण मुलगी माझी आहे. उद्यां कांहीं भलतें झालें तर तुम्ही काय भरून देणार?’ हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आपल्या माणसाचें रक्षण हें कर्तव्यच आहे, आणि ज्याला कशाचेंच भय नाहीं अशाच्या भरंवशावर आम्हीही आमचें मूल सोडणार नाहीं. परंतु सावधपणा निराळा आणि संशय निराळा. आणि दोहोंतला फरक ओळखावयाचा तर खर्च कोणाच्या नांवें पडतो तें पाहावें. आम्ही रात्रीं दाराला कडी घालतों, तिचे पैसे आम्ही देतों आणि अपरात्रीं उठून ती काढण्याचा त्रासही आमचाच, हा सावधपणा. पण गृहसंकुलाच्या फाटकावर, संध्याकाळीं घरीं निघालेल्या मोलकरणीची पिशवी उघडून पाहावयाची, जेवणाचा डबा आणून देणाऱ्या पोराला लिफ्टमधून चढूं द्यावयाचें नाहीं, आडनांव विचारून मगच खोली भाड्यानें द्यावयाची, हा संशय. भीति आमची, आणि बिल भरतो दुसराच. गंमत अशी कीं, त्याच संकुलांत एखाद्या बिऱ्हाडांतून रात्रीं बाईच्या रडण्याचा आवाज येतो, तेव्हां फाटकावरचा रखवालदार, जिन्यांतला कॅमेरा आणि शेजारचीं सुशिक्षित कुटुंबें यांपैकीं कोणालाच तो ऐकूं येत नाहीं.

मुलीच्या बापाला ही कसोटी स्वतःस लावून पाहणें अधिकच जड जाईल. शहर वाईट म्हणून मुलीला पाठविलें नाहीं, तर भीति बापाची आणि खर्च मुलीचा. तिचें शिक्षण, तिची मिळकत, परक्या गांवांत पत्ता विचारीत जाण्याचें तिचें धैर्य, हें सर्व त्या बिलांत जातें. आणि वर तें लिहिलेलें असतें तिच्याच रक्षणाच्या खातीं. मुंबईस लोक बरें म्हणतात, त्याचें कारण तेथें दुर्जन कमी हें असेल वा नसेल. रात्रीं दहा वाजतां लोकलच्या डब्यांत आणि फलाटावर इतर बायका असतात, हें मात्र कोणीही जाऊन पाहावें. त्या बायका तेथें आहेत, कारण केव्हां तरी कोणी तरी भीति बाजूस सारून घराबाहेर पडल्या. त्यांच्या आधारानें आज दुसऱ्याची मुलगी निर्धास्त घरीं येते. हा आधार घेण्यापूर्वीं रस्ता आधीं निर्धोक होऊं द्या, मग मुलीला पाठवूं, असें प्रत्येक बापानें म्हटलें असतें तर तो फलाट आजही ओसाड असता.

या प्रसंगीं आमच्या नगरचा भुईकोट किल्ला आठवल्यावांचून राहत नाहीं. शत्रु बाहेर राहावा म्हणून निजामशाहीनें ती दगडी तटबंदी उभारली, भोंवतीं खंदक खणला. ऑगस्ट १८०३ मध्यें वेलस्लीनें आधीं पेठ आणि मग किल्ला, असें सारें चार-पांच दिवसांत घेतलें. त्याच तटाआड १९४२ पासून १९४५ पर्यंत इंग्रज सरकारनें नेहरू, पटेल, आझाद प्रभृतींना कोंडून ठेविलें. नेहरूंनीं भारताच्या शोधाचा आपला ग्रंथ तेथेंच लिहिला. शत्रूला अडविण्याच्या कामीं जी भिंत चार दिवस पुरली नाहीं, ती माणसें डांबण्याच्या कामीं वर्षानुवर्षें उत्तम चालली. घराच्या भिंतींचा इतिहास लिहिला गेला, तर तो याहून फार निराळा निघेल असें वाटत नाहीं.

शिंगणापूरच्या ठाण्याविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. सप्टेंबर २०१५ मध्यें तें उघडलें, तेव्हां गांवाच्या रिवाजास धरून त्यालाही दर्शनी दार ठेविलेलें नव्हतें. आणि पुढें कांहीं काळ गांवकऱ्यांपैकीं एकाचीही फिर्याद तेथें आली नाहीं, असें वर्तमानपत्रांनीं कौतुकानें छापलें. कलकत्त्याचें कौतुक झालें तें याच हिशेबानें. फिर्याद आली नाहीं याचा अर्थ गुन्हा घडला नाहीं असा होतो. तसाच ती घेऊन जाण्यास कोणी धजलें नाहीं असाही होतो. त्या तालुक्यांतील एखादी मेहतराची बाई उद्यां अशा बिनदाराच्या चौकटींतून आंत गेली, तिनें आपल्यावर गुदरलेला प्रसंग सांगितला, आणि अंमलदारानें तो जसाच्या तसा लिहून घेतला, तर जिल्ह्याचा आंकडा एकानें वाढेल. आणि वर्षअखेरीस मथळा येईल कीं, नगरांत गुन्हे वाढले.